स्वरयंत्र गेल्यावर माणूस बोलतो कसा, आणि माझी आई बुरशी का पाळते

माझी आई सांगलीत रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात बुरशी पाळते. नातेवाइकांत विषय निघाला की बाबा "ती कॅन्सरच्या पेशंटसाठी काहीतरी करते" एवढ्यावर भागवतात. ते खोटं नाही, पण त्यातून कुणाला काही कळतही नाही. "औषध शोधतात का वहिनी?" असं कुणीतरी विचारतं, बाबा मोघम मान हलवतात आणि मठ्ठ्याबरोबर विषयही संपतो. मला आईच्या कामाचा फार अभिमान आहे. तो असा दर लग्नात पंक्तीत वाया जातो, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितोय. विज्ञानाची आवड नसली तरी चालेल, गळ्यावर बोट ठेवता आलं म्हणजे झालं.

आधी ते बोटच ठेवा. कंठमण्यावर. आता "स्स्स्स" असा लांब आवाज काढा. बोटाला काहीच लागणार नाही. मग तोंड मिटून "म्म्म्म" करा. बोटाखाली थरथर जाणवेल. ही थरथर म्हणजे स्वरयंत्राचं काम.

स्वरयंत्रात दोन मऊ स्वरतंतू असतात. तंतू म्हणायचं, पण खरं तर त्या ओलसर घड्या आहेत. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात, आणि फुप्फुसातली हवा त्यांच्या फटीतून जोरात निघाली की फडफडतात. पुरुषांच्या सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा, बायकांच्या दोनशेच्या आसपास. दर फडफडीसाठी मेंदू वेगळा हुकूम सोडत नाही. मेंदू फक्त घड्या जवळ आणतो आणि ताणतो, पुढचं काम हवा आणि घड्यांचा लवचीकपणा मिळून करतात. हे 1958 मध्ये नेदरलँड्सच्या यानविलेम व्हान डेन बर्ग यांनी नीट मांडलं. पुढे जे सांगणार आहे त्याचं मूळ इथेच आहे. आवाजाला हवा लागते आणि त्या हवेने थरथरणारं काहीतरी मऊ लागतं. ते मऊ काहीतरी म्हणजे स्वरतंतूच असले पाहिजेत, अशी निसर्गाची अट नाही.

स्वरतंतूंतून निघणारा आवाज मात्र तुम्ही-आम्ही बोलतो तसा नसतो. नुसतीच भणभण असते. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन समजेल. कारागीर घोडी घासून तिला असा बारीक उतार देतो, की तार तिला हलकेच चाटत राहते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. स्वरतंतूही एकमेकांवर आपटून असाच अनेक स्वरांचा गुच्छ वर पाठवतात. त्यातले कुठले उचलायचे आणि कुठले दाबायचे, हे घसा, जीभ, टाळू, ओठ ठरवतात. त्यातून "आ" होतो, "ई" होतो, "ऊ" होतो.

आणि हा सगळा हिशेब आपल्या वर्णमालेत आधीच मांडून ठेवलेला आहे. क, च, ट, त, प हे वर्ग कंठापासून ओठांपर्यंत ओळीने येतात. प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं अघोष, पुढची घोष. म्हणजे "प" आणि "ब" म्हणताना ओठ अगदी सारखेच मिटतात, फरक फक्त खाली स्वरयंत्र चालू आहे की बंद एवढाच. शाळेत हे मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. आईच्या कामामुळे पहिल्यांदा कळलं, की हे व्याकरण कुणाचं तरी शरीर असतं.

आता स्वरयंत्राचा कॅन्सर. बिडी, सिगारेट आणि दारू ही त्याची मोठी कारणं. लवकर सापडला तर रेडिएशनवर किंवा छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं आणि आवाजही बऱ्यापैकी राहतो. पुढे गेलेला असेल तर बऱ्याचदा अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. मग श्वासनलिकेचं वरचं तोंड पुढे वळवून गळ्याच्या खालच्या भागात कातडीला शिवतात. या छिद्राला स्टोमा म्हणतात. आयुष्यभर श्वास तिथूनच. तोंड आणि नाक यांचा फुप्फुसांशी संबंध कायमचा तुटतो.

या तुटण्यात किती गोष्टी जातात, याचा अंदाज मलाही नव्हता. नाकातून हवा खेळत नाही, म्हणून वास येत नाही. बशीतला चहा फुंकता येत नाही. शिट्टी वाजत नाही. कृष्णेत पोहणं संपलं, कारण पाणी थेट फुप्फुसात जाईल. आणि बोलणं. लोकांना वाटतं, आवाज गेला तरी कुजबुजता येत असेल. नाही येत. कुजबुजीलाही तोंडातून वाहणारा श्वास लागतो. जीभ शाबूत, ओठ शाबूत, डोक्यातले शब्द शाबूत, फक्त तिथवर हवाच पोचत नाही.

जगातली पहिली अशी पूर्ण शस्त्रक्रिया व्हिएन्नात टेओडोर बिलरोट यांनी 31 डिसेंबर 1873 रोजी केली. त्यांचे सहकारी कार्ल गुसेनबाउअर यांनी लगेच पुढच्या वर्षी त्या पेशंटसाठी धातूची पत्ती बसवलेलं कृत्रिम स्वरयंत्र तयार केल्याचं प्रसिद्ध केलं. मला हे फार आवडतं. माणूस वाचवला आणि लगोलग कुणाला तरी वाटलं, की आता याला बोलतंही केलं पाहिजे.

आज तीन वाटा आहेत. पहिलीला उपकरण काहीच लागत नाही. तोंडातली हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात ढकलायची आणि ढेकरेसारखी परत सोडायची. बाहेर येताना तिथलं मऊ अस्तर थरथरतं आणि आवाज होतो. गंमत म्हणजे हवा आत ढकलायला मदत करतात ती प, त, क हीच अघोष अक्षरं, कारण ती म्हणताना तोंडात दाब तयार होतो. म्हणून सराव "पा, ता, का" असाच सुरू करतात. अडचण अशी, की एका खेपेला जेमतेम 80 मिलिलिटरच्या आसपास हवा मिळते. फुप्फुसात लिटरांनी असते. त्यामुळे वाक्य तुकड्यातुकड्यांत येतं, आणि महिनोन्महिने सराव करूनही सगळ्यांना जमतंच असं नाही.

दुसरी वाट म्हणजे गळ्याला टेकवायचं बॅटरीवरचं यंत्र, इलेक्ट्रोलॅरिंक्स. भणभण यंत्राची, शब्द तोंडाचे. शिकायला सोपं, पण आवाज एकसुरी. शिवाय यंत्र बोलताना सतत चालू असल्यामुळे अघोष अक्षरंही घोष ऐकू येतात. "ताक" मागितलं तर "दाग" ऐकू येतं, "काका" म्हटलं तर "गागा". घरच्यांना सवयीने समजतं, रिक्षावाल्याला नाही.

आई ज्यासाठी बुरशी पाळते ती वाट तिसरी. तिची सुरुवात विचित्र आहे. गटमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1932 मध्ये एका पेशंटची हकिगत नोंदवली. स्वरयंत्र काढलेल्या या गृहस्थाने बर्फ फोडायचा टोच्या तापवून स्वतःच स्वतःच्या श्वासनलिकेतून अन्ननलिकेत भोक पाडलं. आणि तो बोलायला लागला! गळ्यावरचं छिद्र बोटाने झाकलं की फुप्फुसातली हवा त्या भोकातून अन्ननलिकेत शिरायची आणि वर येताना अस्तर थरथरवायची. अंगावर काटा येतो, पण शास्त्र बिनचूक होतं. घोटाळा एवढाच, की ज्या भोकातून हवा इकडून तिकडे जाते त्यातूनच पाणी आणि जेवण तिकडून इकडे येतं, म्हणजे फुप्फुसात. पोलंडच्या एर्विन मोझोलेव्हस्की यांनी 1972 मध्ये या भोकासाठी झडप सुचवली. पण पद्धत जगभर पसरली ती अमेरिकेतल्या मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम यांच्यामुळे, 1980 पासून.

झडप म्हणजे सिलिकॉनची छोटी नळी. व्यास पाच ते साडेसात मिलिमीटर, दोन्ही टोकांना भोकात अडकून राहील अशी कड, आणि अन्ननलिकेच्या बाजूला एक पातळ पापुद्रा. अंगठ्याने स्टोमा झाकून श्वास सोडला की पापुद्रा उघडतो. गिळताना तो मिटलेला राहिला पाहिजे. सगळी करामत या पापुद्र्याची. सहज उघडेल इतका नरम हवा आणि चहाचा थेंबही आत येऊ देणार नाही इतका घट्टही हवा.

हा आवाज घोगरा आणि खालच्या पट्टीतला असतो, कारण अन्ननलिकेचं अस्तर स्वरतंतूंपेक्षा जाड आणि संथ असतं. बायकांना याचा जास्त त्रास. फोनवर समोरचा "बोला दादा" म्हणतो. "ह" बहुतेकांचा पुसट होतो, कारण तो स्वरयंत्रातच तयार होणारा वर्ण आहे.

आईबरोबर मी मिरजेला एका ओपीडीत गेलो होतो, तिथे मार्केट यार्डातले एक दिवाणजी भेटले. आयुष्य हळदीच्या सौद्यांत गेलेलं, आणि आता नेमकी हळदच "अळद" झालेली. पण बोलत होते झकास, फुप्फुसाच्या दमावर, लांब वाक्यांत. एक हात मात्र कायम गळ्याशी. पोत्यात हात घालून नमुना काढायचा आणि त्याच वेळी भाव बोलायचा, हे जमत नाही म्हणाले. यार्डातली पिवळी धूळ थेट श्वासात जाते म्हणून स्टोमावर गाळणी बसवलेली, वर सुती रुमाल. आईने विचारलं, "काका, झडप कशी आहे?"

त्यांनी अंगठा दाबला. "बोलनं ब्येस हाय मॅडम. पर च्या प्यालो की ठसका लागतोय बघा."

डॉक्टरांनी त्यांना रंगीत पाणी दिलं आणि टॉर्च मारून गळ्याच्या छिद्रात पाहिलं. आई मला हळूच म्हणाली, "बघ, कडेने येतंय की मधून." कडेने गळत असेल तर भोक सैल झालंय, उपाय वेगळा. मधून गळत असेल तर पापुद्रा मिटत नाहीये. काकांची मधून गळत होती. डॉक्टरांनी चिमट्याने जुनी झडप ओढून काढली आणि नवीन बसवली. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, काम मिनिटांचं. काढलेल्या झडपेच्या पापुद्र्यावर मळकट पांढरट थर होता आणि कड पोह्यासारखी वाकडी झाली होती.

आई पाळते ती बुरशी हीच, कॅन्डिडा. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात ही बुरशी निमूटपणे नांदत असते. सिलिकॉनची झडप तिच्या दृष्टीने आयतं घर. ऊब आहे, ओल आहे, वरून दिवसभर गोड चहा आणि भाताचे कण येतात. रेडिएशनने लाळ कमी झालेली असली तर धुऊन निघणंही कमी. बुरशी जिवाणूंना सोबत घेऊन आधी चिकट थर जमवते आणि मग सिलिकॉनमध्येच शिरते. शरीराच्या पेशी परक्याशी लढतात तरी, सिलिकॉन बिचारं काय लढणार? पापुद्रा ताठरतो, मिटत नाही, आणि चहा फुप्फुसाच्या वाटेला लागतो. दुर्लक्ष केलं तर न्यूमोनियाची भीती.

झडपा किती टिकतात? पूर्वी तीन ते सहा महिने असं ढोबळपणे सांगत. अमेरिकेतल्या एमडी अँडरसन या कॅन्सर रुग्णालयाने 2017 मध्ये आपल्याकडच्या पेशंटचा हिशेब मांडला तेव्हा मध्यक निघाला 61 दिवस. म्हणजे निम्म्या झडपा दोन महिन्यांच्या पुढे टिकल्या नाहीत. परदेशी झडप हजारो रुपयांची असते. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याने दर दोन-चार महिन्यांनी तेवढे पैसे, एसटीचं भाडं आणि बुडालेला रोजगार कुठून काढायचा? परवडत नाही म्हणून गळकी झडप तशीच ठेवणारे आहेत. झडप काढून भोक बुजू देणारे आणि पुन्हा पाटी-पेन्सिल धरणारेही आहेत. बेंगळुरूचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत तयार होणारी झडप केली, तेव्हा आई दोन दिवस खुशीत होती. पण स्वस्त झडपेलाही बुरशी लागतेच, आणि मिरजेची वारी चुकत नाही.

आवाज परत मिळवून देण्याचं तंत्र 1980 मध्येच सापडलं होतं. तो टिकवायचा कसा, हे अजून अडलेलं आहे. आई ज्यावर झिजते ती ही अडलेली जागा. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूत इलेक्ट्रोड बसवून एएलएस या, स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या आजाराच्या एका पेशंटला त्याच्याच जुन्या आवाजात बोलतं केलं, ते सगळ्या पेपरांत आलं. यायलाच हवं होतं. मात्र पापुद्र्याची कड वाकडी होण्यावर कुणी बातमी करत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटचं बोलणं त्या कडेवर अवलंबून आहे.

तिच्या प्रयोगशाळेत एक कृत्रिम घसा आहे. दिसायला अगदीच गबाळा: काचेच्या नळ्या, त्यांत बसवलेल्या झडपा, 37 अंशांवर ठेवलेली पेटी आणि ठरावीक वेळी पातळ खाद्य सोडणारा छोटा पंप. अशी मांडणी नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगनच्या संशोधकांनी आधी रूढ केली. बुरशी येते ती पेशंटच्या टाकून दिलेल्या झडपांवरून. एरवी त्या कचऱ्यात जातात. आईने एथिक्स कमिटीची परवानगी काढली, प्रत्येक पेशंटची सही घेतली, आणि आता मिरजेहून बंद डब्यांतून हा ऐवज येतो. आमच्याकडे कुणी डबा आणला तर आधी "कुठला?" असं विचारायची पद्धत त्यामुळेच पडली.

काही दिवस बुरशी वाढवून झाली की झडपेवर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि खालून किती थेंब गळतात ते मोजायचे. थेंब मोजायला यंत्र लावता येतं. आई तरीही पहिली फेरी स्वतः मोजते. थेंब पडायच्या आधी पापुद्र्याच्या कुठल्या कोपऱ्याला ओल येते ते यंत्र सांगत नाही, असं तिचं म्हणणं.

ग्रोनिंगनवाल्यांनी असल्याच घशात दुग्धजन्य पदार्थही तपासले होते आणि ताकासारख्या आंबवलेल्या दुधाने थर कमी होताना दिसला होता. ही गोष्ट घरात सांगितल्यावर आजीने आठवडाभर विजयी मुद्रेने ताक घुसळलं. आईचं मत सावध आहे. ताक अवश्य प्यावं, पण काचेच्या नळीत दिसलं ते गळ्यात तितकंच चालेल असं गृहीत धरू नये, आणि ब्रशने झडप साफ करणं तर अजिबात सोडू नये. सांगलीत हे विशेष सांगावं लागतं, कारण भडंगातल्या दाण्याचा कण नळीत बसला तर बुरशीची वाट न बघताच झडप गळते.

मग बुरशी धरणारच नाही असा पदार्थ का वापरत नाहीत? वापरतात. एका परदेशी झडपेत पापुद्रा आणि त्याची बैठक फ्लोरोप्लास्टिकची असते, त्यावर कॅन्डिडाची मात्रा फारशी चालत नाही, आणि पापुद्रा घट्ट मिटायला बारीक लोहचुंबक असतं. ती उत्तम टिकते आणि बरीच महाग आहे. आईला साध्या सिलिकॉनवरच असा लेप चढवायचा आहे, जो इथल्या छोट्या कारखान्यातही देता येईल. त्यात तीन भांडणं एकदम मिटवावी लागतात. सिलिकॉनला सहसा काही चिकटत नाही, बुरशी तेवढी चिकटते. बुरशीला मारणारा लेप शेजारच्या जिवंत अस्तराला भाजता कामा नये. आणि पापुद्रा दर वाक्याला वाकतो, म्हणून लेपही वाकला पाहिजे. पहिल्या दोन अटी पाळणारे लेप तिच्याकडे आहेत. तिसऱ्या अटीला ते नापास होतात. पापुद्रा जिथे नळीला जोडलेला असतो, त्या बिजागरीवर लेपाला बारीक चिरा जातात आणि बुरशी बरोबर त्या चिरेत जाऊन बसते. सध्या ती बिजागरीची जागा लेपाविना सोडून बाकी पापुद्रा झाकून बघतेय. पहिल्या खेपेचे थेंब मोजणं चालू आहे.

लेख वाचून तिने दुरुस्त्या काढल्या, "आईचं कौतुक" असलेली चार वाक्यं खोडली (त्यातली दोन मी परत घातली आहेत) आणि म्हणाली, उपयोगाचं काही लिहिलंच नाहीस. तेव्हा तिचं सांगणं असं. आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा, तर काढे बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अनोळखी नंबरवरून घोगरा, अडखळता आवाज आला तर चेष्टा समजून फोन कापू नका, पलीकडे अंगठा लावून श्वास घ्यायला वेळ लागतो. आणि स्टोमा असलेला माणूस कुठे बेशुद्ध पडला तर गळ्यावरचा रुमाल आधी काढा. अशा माणसाला तोंडातून श्वास देऊन उपयोग नसतो, तो गळ्याच्या छिद्रातूनच द्यायचा.